बाटली आडवी की उभी, एवढंच गावाला विचारणार?

महाराष्ट्रातल्या गावाला दारूच्या बाबतीत एक दणदणीत हक्क आहे. 2008 पासूनचा नियम असा, की गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. या मतदानाने कितीतरी घरांतली मारझोड थांबवली आहे, तेव्हा त्याची थट्टा करायचा हेतू नाही. पण नाशिक शहर मागे टाकून गंगापूर धरणाकडे निघालं, किंवा दिंडोरी नाका ओलांडून पुढे गेलं, की हा हक्क किती तोकडा आहे ते कळतं. गोवर्धन, गंगाव्हरे, सावरगाव ही गावं, दिंडोरी तालुक्याचा पट्टा, इगतपुरीतलं सांजेगाव, निफाडमधलं विंचूर. वाईनची बाटली इथेच भरते आणि बुचासकट बाहेर पडते. ती कशी भरते ते बघायला वर्षाला काही लाख माणसं येतात, जेवतात, राहतात, फोटो काढतात. त्यांच्यासाठी डोंगर किती कापावा, पाणी कुठून उपसावं, कचरा कुणी उचलावा, द्राक्षबागेच्या जागी बंगले व्हावेत की नाही, यातलं काहीही गावाला कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं की विचारायला हवं, आणि नुसतं विचारून भागणार नाही. त्या पाहुणचारातून फिरणाऱ्या पैशातला काही वाटा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात पडायला हवा. नाहीतर ज्या देखाव्यासाठी लोक येतात तो देखावा टिकवण्यात गावाला काडीचाही रस उरणार नाही.

वाईनवर आपल्याकडे वाद झाला तो भलत्याच गोष्टीवर. जानेवारी 2022 मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' म्हणून ओरड केली, अण्णा हजारे उपोषणाचा इशारा देऊन मोकळे झाले आणि सरकारच्या बाजूने वाईन म्हणजे दारू नव्हे अशी व्याख्यानं सुरू झाली. दोन्हीकडच्या तोंडी शेतकऱ्याचं नाव होतं. एकाला त्याचं उत्पन्न वाढवायचं होतं, दुसऱ्याला त्याचा संसार वाचवायचा होता. शेवटी तो निर्णय बारगळला आणि सगळे आपापल्या घरी गेले. त्या दोन महिन्यांत दिंडोरीच्या एखाद्या सरपंचाला कुणी माईक पुढे करून विचारलं असतं, की बाबा, तुझ्या शिवारात वायनरी आली, तुझ्या ग्रामपंचायतीला काय मिळालं, तर वादाला जरा तरी जमिनीचा आधार मिळाला असता.

जमिनीची गोष्ट आली म्हणून थोडं मागे जाऊ. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि सांगलीतलं पलूस इथे वाईन पार्क काढले. त्या उत्साहात अनेक बागायतदारांनी थॉमसन आणि सोनाका ही खायची द्राक्षं काढून शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक ही वाईनची लावली. मग 2008 ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, गोदामांत वाईन साचली. कित्येक वायनऱ्यांनी ठरलेली द्राक्षं उचललीच नाहीत. वाईनची द्राक्षं बारीक, बियांची, बाजारात तोंडी लावायलाही कुणी घेत नाही. शेतकऱ्यांनी कुऱ्हाड घेतली आणि उभ्या बागा तोडल्या. धोरण मुंबईत ठरलं, तोटा शिवारात झाला. आजही नाशिकच्या एकूण द्राक्षातला अगदी थोडा हिस्सा वाईनला जातो. बाकी सगळी खायची द्राक्षं. पाहुण्याला हे माहीत नसतं. त्याच्या लेखी गाडीच्या काचेतून दिसणारी प्रत्येक बाग वाईनचीच.

आणि ती बाग बघायला तो येतो तरी कधी? जानेवारी ते मार्च. एप्रिलच्या खरड छाटणीला कुणी येत नाही. तेव्हा बाग नुसत्या ओंडक्यांची, बोडकी, ऊन मरणाचं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पहाटे दव पडलं की डावणी रोगाच्या भीतीने झोप उडालेली असते, तेव्हाही कुणी नसतं. घड द्रावणात बुडवायचं डिपिंग होतं, थिनिंग होतं, पेठ-सुरगाण्याहून पिकअपमध्ये दाटीवाटीने उभ्या राहून आलेल्या बाया दिवसभर मान वर करून घडातले मणी विरळ करतात. डिसेंबरच्या थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून निर्यातीच्या बागेत एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला जातो. एका एकरात असे हजारो घड. हे सगळं झाल्यावर घडात साखर भरते, वेलीचा मांडव हिरवागार दिसतो, मागे रामशेजचा डोंगर, आणि नेमका तेव्हा शनिवार-रविवार जोडून आलेला असतो. पाहुणा टोपलीतली द्राक्षं पायाने तुडवतो आणि व्हिडिओ काढतो. तुडवून घ्या बापडे, पण गारपिटीने मणी तडकलेल्या बागेत ज्याने दोन दिवस काढले आहेत त्याला ते बघवत नाही एवढं सांगतो.

माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे. धरणाकाठच्या खोलीतून दिसणारी हिरवळ आपोआप उगवलेली नाही. ती शेतकऱ्याच्या खर्चाने, औषधाने, मजुरीने टिकते. त्या खोलीचं भाडं 'व्हाइनयार्ड व्ह्यू' म्हणून वाढवून घेतलं जातं. वाढीव भाडं खोलीवाल्याला मिळतं, त्यावरचा जीएसटी राज्याला आणि केंद्राला. ज्याची बाग दिसते त्याला काही नाही, ज्या गावाचं शिवार दिसतं त्या गावाला काही नाही. उलट सकाळी सहाला ब्लोअर लावून फवारणी सुरू केली की पाहुण्यांना वास येतो, म्हणून ज्याच्या बागेचा देखावा विकला जातो त्यालाच औषध कधी मारायचं ते शेजारचा रिसॉर्ट सांगू लागतो.

कराचा हिशेब बघा. वाईन जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा 20 टक्के व्हॅट आहे आणि वाईन प्रोत्साहन योजनेत त्यातले 16 टक्के उत्पादकाला परत दिले जातात. या परताव्याला माझा विरोध नाही. उद्योग उभा राहावा म्हणून सरकारने हात सैल सोडला तर सोडू दे. पण वीसातले सोळा परत देण्याइतकी उदारता असलेल्या सरकारला त्या गावासाठी एक टक्का बाजूला काढावासा वाटला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीच्या हाती उरते ती इमारतीवरची घरपट्टी. त्या बदल्यात तिने रस्ते सांभाळायचे, दिवे लावायचे, रविवार संपल्यावर नाल्यात पडलेल्या बाटल्या आणि थर्माकोलच्या ताटल्या वेचायच्या.

कायद्यात मार्ग नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. जीएसटी आला तेव्हा घटनेच्या राज्यसूचीतल्या 62 व्या नोंदीत बदल झाला आणि करमणुकीवर कर लावायचा अधिकार फक्त स्थानिक संस्थांसाठी राखला गेला. म्हणजे राज्याने सोडलेली गोष्ट पंचायतीसाठी मुद्दाम शिल्लक ठेवली. आपल्या 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 मध्येही यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा, उत्सव आणि करमणुकीवरचा कर आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा सप्तशृंगीची किंवा त्र्यंबकची यात्रा असणार. आज हजारोंची तिकिटं लावून होणारा संगीतमहोत्सव ही करमणूक नाही तर काय आहे? अडचण दरांची आहे. ते राज्याच्या नियमांनी बांधलेले आहेत आणि ते ठरवताना अशा जत्रेचा विचारच नव्हता. शिवाय अडचण हिमतीची आहे. दोन गावांचा कारभार एकटा हाकणारा ग्रामसेवक मोठ्या कंपनीच्या दारात कराची नोटीस घेऊन जाणार कसा?

जमिनीच्या बाबतीत तर गावाकडे जे होतं तेही गेलं. 2016 च्या कायद्यानंतर नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं आणि त्याच्या हद्दीतल्या गावांत बांधकामाची परवानगी प्राधिकरण देऊ लागलं. ग्रामपंचायतीच्या कागदावर मनमानी बांधकामं होत होती हे मान्य, त्यामुळे तांत्रिक मंजुरी वर गेली यात वाईट काही नाही. पण त्याबरोबर गावाचं मतही वर गेलं आणि हवेत विरलं. जिल्हा परिषदेकडे दाद मागावी, तर तिची मुदत मार्च 2022 मध्येच संपली आणि पुढे वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाने पाहिला. दरम्यान समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, मुंबई आणखी जवळ आली आणि रस्त्याकडेचे फलक बदलले. 'अकरा गुंठे, कंपाउंडसह, धरणाचा नजारा.' प्रत्येक अकरा गुंठ्यांमागे नजाऱ्यातले अकरा गुंठे कमी होतात, हे त्या फलकावर कुणी लिहीत नाही.

अशा प्रदेशाचं काय करता येतं याचं एक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या नापा काउंटीचं, म्हणजे तिथल्या वाईनच्या जिल्ह्याचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोपासून दीड तासावर, म्हणजे तिथेही शहर दाराशीच. 1968 मध्ये तिथल्या काउंटी मंडळाने खोऱ्यातली जमीन शेतीसाठी राखीव केली. प्लॉटचं किमान क्षेत्र आधी 20 एकर ठरवलं, पुढे 40 केलं. तेव्हा बऱ्याच जमीनमालकांनी कडाडून विरोध केला, भाव पडतील म्हणून. 1990 मध्ये दोन गोष्टी झाल्या. नव्या वायनरीने 75 टक्के द्राक्षं त्याच काउंटीतली वापरली पाहिजेत आणि पाहुण्यांना आधी वेळ घेऊनच चाखायला बोलवायचं, असा स्थानिक नियम आला. आणि शेतजमीन दुसऱ्या कामाला वळवायची असेल तर मतदारांची मंजुरी लागेल, असा ठराव मतदारांनीच मतदानाने पास केला. वाद तिथे मिटलेले नाहीत. 2018 मध्ये डोंगरउतारावरची झाडं तोडून वेली लावण्यावर मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदानाला आला आणि थोडक्या मतांनी पडला. पण मतदान झालं ते त्याच काउंटीत, आणि केलं ते तिथे राहणाऱ्यांनी.

नापाचा 40 एकरांचा नियम इथे आणा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे 40 एकर म्हणजे अख्खी भाऊबंदकी. दोन-तीन एकरांच्या मालकाला 'तुकडा विकू नको' असं सांगणं म्हणजे त्याच्या हातातला एकमेव विमा काढून घेणं. हा आक्षेप खरा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. 2025 मध्ये मे महिन्यापासून पावसाने पिच्छा सोडला नाही, खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला लागणारं ऊन मिळालं नाही, आणि ऑक्टोबरला छाटणी केल्यावर कित्येक बागांत नुसती पानं निघाली. अशा माणसाच्या दारात प्लॉटवाला रोख घेऊन उभा राहिला तर तो विकणार. मीही विकलं असतं. म्हणून बंदीच्या आधी पैसा यायला हवा असं मी म्हणतो. पर्यटनाचा कर गोळा झाला आणि त्यातून बाग राखणाऱ्याला घरपट्टीत सवलत, शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदाला मदत, रस्त्याकडेला द्राक्षं, बेदाणे, नागलीचे पापड विकायला पक्के गाळे, असं काही मिळू लागलं, तर 'आमच्या शिवारात प्लॉट नको' म्हणायला ग्रामसभेला बळ येईल. उपाशीपोटी कुणी देखावा राखत नाही.

जेवणाचं तर विचारूच नका. या पट्ट्यात माणसं खायला म्हणूनही येतात आणि शहराच्या वेशीवरच्या मिसळीने ते निभावूनही नेलं आहे. पण त्यापुढे गेलं की पिझ्झा. इगतपुरी-त्र्यंबकचा इंद्रायणी तांदूळ, भगर, नागली, सुरगाण्याच्या घाटमाथ्यावरची स्ट्रॉबेरी, यातलं ताटात किती येतं? सुरगाण्याची स्ट्रॉबेरी सापुताऱ्याच्या रस्त्यावर टोपलीत विकली जाते आणि गुजरातचे पर्यटक ती खातात. नाशिकच्या वायनरीतल्या पाहुण्यापर्यंत ती पोचवायला एक साधी अट पुरेल. करमणुकीचा परवाना देताना तालुक्यातला माल अमुक एवढा घ्यावा, असं ग्रामपंचायतीने लिहून घ्यावं. नापात 75 टक्के द्राक्षांची अट चालते तर इथे तांदळाची का चालू नये?

आता दुसरा आक्षेप, जो शहरातले शिकलेले लोक हमखास घेतात. ग्रामपंचायतीच्या हाती पैसा आणि परवाना दिला तर सरपंचाची चांदी, आणि बरेचदा सरपंचच प्लॉटचा दलाल. हे खोटं नाही. पण प्राधिकरणात दलाल पोचत नाहीत असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा चक्कर मारून यावी. सरपंच निदान पाच वर्षांनी दारात येतो आणि ग्रामसभेत बाया त्याला उभं करू शकतात. दोष आहे तो ग्रामसभेच्या ओस पडण्यात. 26 जानेवारीचंच घ्या. त्या सुटीला धरणाच्या रस्त्यावर एमएच 02, एमएच 12, एमएच 43 च्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि त्याच सकाळी शाळेच्या पटांगणात झेंडा झाल्यावर ग्रामसभा असते. विषयपत्रिका ठरलेली: घरकुलाची यादी, गटार, स्मशानभूमीचं शेड. जिलेबी वाटली की अर्धे लोक उठतात. त्या पत्रिकेवर 'पर्यटनकराची वर्षभराची जमा आणि खर्च' असा विषय असता, तर जिलेबी संपल्यावरही माणसं बसून राहिली असती.

एकेकट्या ग्रामपंचायतीला हे झेपणार नाही, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. एका गावाने कर लावला तर रिसॉर्ट शेजारच्या शिवारात जाईल. गावांनी एकत्रच यायला हवं, आणि संयुक्त समिती नेमायची सोय कायद्यात आहे. हे कागदावरचं स्वप्न वाटत असेल तर दिंडोरी तालुक्यातलंच वाघाड बघा. कोळवण नदीवरच्या या धरणाचं पाणी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचतच नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास पाणीवापर संस्था बांधायला सुरुवात केली. हेडचे आणि टेलचे शेतकरी एका सतरंजीवर बसले, पाणी घनमीटरने मोजून घ्यायचं ठरलं, पट्टी संस्थेने वसूल करायची ठरलं. पुढे 24 संस्था झाल्या आणि अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांनी हाती घेतलं. हमखास पाणी मिळाल्यावर तिथे द्राक्षं उभी राहिली. आज पाहुणे जी हिरवळ बघतात तिच्यातली बरीचशी या सतरंजीवरच्या बैठकांतून आली आहे. पाण्यासारख्या जिवावरच्या गोष्टीचा हिशेब जी गावं आपसात चोख ठेवू शकतात, त्यांना तिकिटावरच्या कराचा हिशेब जमणार नाही, असं म्हणायला जीभ तरी कशी रेटते?

पाण्याचंही त्याच समितीकडे यावं. समन्यायी वाटपाचा वाद पेटला की जायकवाडीला जाणाऱ्या पाण्यावरून नाशिकमध्ये रस्ते अडवले जातात. धरणाच्या हिशेबात रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव नगण्य आहे, हे कबूल करायला हवं. पण एप्रिलमध्ये गावच्या विहिरीने तळ गाठलेला असताना शेजारच्या बोअरवर चाललेला तलाव नगण्य नसतो. किती बोअर, किती खोल, किती उपसा, याची नोंद ठेवायला आणि उन्हाळ्यात तो थांबवायला जवळचाच माणूस लागतो. पेसा या आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखाली येणाऱ्या गावांत तर ग्रामसभेला कायद्याने जास्त अधिकार आहेत आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकमध्ये अशी गावं आहेत. ते अधिकार वापरले जातात ते दाखल्यापुरते.

सुरुवात फार मोठी करायला नको. गोवर्धन-गंगाव्हरेच्या बाजूचा एक गट आणि दिंडोरीचा एक गट, एवढे दोनच धरावेत. महोत्सव, फेरफटका, नौकाविहार, द्राक्षं तुडवण्याचा खेळ, ज्याला तिकीट आहे त्या प्रत्येकावर तिकिटाच्या टक्क्यात कर, आणि शेतजमिनीवर बांधकाम करायच्या प्रत्येक अर्जावर ग्रामसभेचं लेखी मत, जे फेटाळायचं तर प्राधिकरणाला कारण लिहावं लागेल. करासाठी नवा कायदा लागत नाही, दरांचा नियम बदलणारी एक अधिसूचना पुरते. लेखी मतासाठी प्राधिकरणाच्या नियमावलीत एक कलम घालावं लागेल. ग्रामविकास आणि नगरविकास अशी दोन खाती त्यात गुंतली आहेत, तेव्हा फाइल इकडून तिकडे फिरणार हे उघड आहे. नाशिक, दिंडोरी, निफाड आणि इगतपुरीच्या आमदारांनी ठरवलं, तर एका अधिवेशनात ती जागेवर बसते.